ड्रम अँड बेस, सायट्रान्स की गॅबर? शिकायला बसण्याआधी वेग कुठे आहे ते ऐका

आमच्या ढोल-ताशा पथकात ताशा वाजवणाऱ्या एका मुलाने सरावानंतर विचारलं, "दादा, लॅपटॉप घेतलाय. फास्ट म्युझिक बनवायला शिकायचंय. ड्रम अँड बेस करू, सायट्रान्स करू, की ते हार्डवालं?" हार्डवालं म्हणजे गॅबर. कॉलेज आणि सराव आटोपल्यावर त्याच्या हातात रोज जेमतेम दोन तास उरतात, त्यामुळे तिन्हींच्या मागे लागणं शक्य नाही. त्याला उत्तर द्यायला लागलो आणि ते लांबतच गेलं. हाच प्रश्न पडलेले आणखीही असतील, म्हणून ते इथे नीट मांडतो आहे.

अशा वेळी आधी बीपीएमचे आकडे पुढे केले जातात. मिनिटाला ठोके किती? ड्रम अँड बेस १७० ते १७८, सायट्रान्स साधारण १३८ ते १५०, गॅबर १६० ते १९० आणि त्याहूनही वर. या आकड्यांवरून निवड करू नका. १७४च्या ड्रम अँड बेसवर मान ८७च्या निवांत लयीत डोलू शकते आणि १४५चा सायट्रान्स अर्ध्या तासात धाप लावतो. तिन्हींत वेग वेगवेगळ्या जागी बसवलेला आहे. ड्रम अँड बेसमध्ये तो वरच्या ड्रमच्या तुकड्यांत पळतो, खालचा बेस संथ चालतो. सायट्रान्समध्ये तो दोन किकांच्या (किक म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा जड ठोका) मधल्या फटीत ठासून भरलेला असतो. गॅबरमध्ये किक हाच वेग. यातला कोणता वेग तुमच्या अंगात आधीपासून आहे, ते ओळखलं की निम्मी निवड झाली. आणि तो त्या त्या जागी का जाऊन बसला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

सात सेकंदांचा ड्रम

१९६९ साली 'द विन्स्टन्स' या अमेरिकन सोल बँडची एक तबकडी आली. तिच्या दर्शनी बाजूचं 'कलर हिम फादर' गाजलं. मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची एक धून होती. तिच्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर एकटा चार आवर्तनं वाजवतो. सगळं मिळून सात सेकंद. पहिली दोन आवर्तनं सरळ ठेका. तिसऱ्यात स्नेअरचा, म्हणजे टणक आवाजाच्या लहान ड्रमचा, एक ठोका तो उशिरा टाकतो. चौथ्यात समेची जागा मोकळी सोडतो, आड लयीत चालतो आणि झांज वेळेआधीच वाजवून टाकतो. तबल्याला बसलेल्या माणसाला हे चौथं आवर्तन पहिल्या ऐकण्यात पकडतं. सम वाजवलेली नाही, ती ऐकणाऱ्याने मनात धरायची आहे.

सतरा वर्षं त्या तुकड्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९८६मध्ये डीजेंसाठी निघालेल्या 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या संग्रहात ती धून आली आणि हिपहॉपवाल्यांनी तो तुकडा उचलला. तिथून तो लंडनला पोचला. १९८८च्या अ‍ॅसिड हाउसच्या लाटेनंतर तिथे गोदामांत आणि शेतांत रात्रभर रेव्ह, म्हणजे नाचाच्या मोठ्या पार्ट्या, चालत होत्या. हॅकनीतल्या 'शट अप अँड डान्स'सारख्या मंडळींनी हिपहॉपचे ब्रेक, म्हणजे असे नुसत्या ड्रमचे तुकडे, जास्त वेगाने वाजवून त्या नाचाला जुळवले. कोलमनचा ठेका मुळात साधारण १३७चा. तो १७०ला न्यायचा तर तबकडी किंवा सँपल (गाण्यातून उचललेला तुकडा) जोरात फिरवायचं, आणि जोरात फिरवलं की सूरही चढतो. इतका, की सा जवळजवळ शुद्ध गंधारावर जाऊन बसतो. जंगल या ड्रम अँड बेसच्या पहिल्या रूपाचे ड्रम असे कोवळे, टणटणीत, ताशासारखे का वाजतात, त्याचं कारण हे आहे.

पुढची गोष्ट माझ्या मते या संगीताच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची. पूर्व लंडनच्या त्या पोरांमधल्या अनेकांचे आईवडील जमैकाहून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेले. घरात रेगे, गल्लीत भलेमोठे साउंड सिस्टिम. रेगेचा ठेका ८०च्या आसपास चालतो आणि ब्रेक १६०ला पोचला होता. बरोबर दुप्पट. एका वेळी दोन लयी एकमेकींवर बसल्या. खाली डबचा (रेगेची बेसवर भर देणारी शाखा) पोटात घुमणारा बेस विलंबितात, वर ड्रम द्रुतात. आपल्याकडे खाली ढोलाचा टोल आणि वर ताशाची तर्री चालते, त्या रचनेशी याचं नातं सांगावं लागत नाही. पथकात वाजवलेल्या माणसाला जंगल 'शिकावं' लागत नाही, ओळखीचं वाटतं, असा माझा अनुभव आहे. एमसी माइकवर बोलणार, गाणं लोकांना भिडलं की तबकडी मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावणार, ही रीतही जमैकाचीच.

यंत्रं साधी होती. आकाईचे एस९५० आणि एस१००० हे सँपलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारी यंत्रं, समोर अटारी एसटी संगणकावर क्युबेस हे संगीत जुळवायचं सॉफ्टवेअर. सँपलरची मेमरी इतकी तुटपुंजी की प्रत्येक तुकडा मोजूनमापून घ्यावा लागे. ब्रेकचे तुकडे करायचे, किक वेगळी, स्नेअर वेगळा, हायहॅट वेगळा, आणि त्यांची नव्याने जुळणी करायची. गोल्डी या निर्मात्याच्या १९९२च्या 'टर्मिनेटर'मध्ये ड्रमचा सूर वरखाली होतो पण लय हलत नाही. त्या काळच्या कानांना तो चमत्कार होता. 'हेवन' क्लबमधल्या 'रेज'च्या रात्री फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर नवा माल वाजवायचे, आणि कूल एफएमसारखी बेकायदा रेडिओ केंद्रं उंच इमारतींच्या गच्चीवर एरियल बांधून तो घराघरांत पोचवायची. निर्माता गाणं संपवून त्याच आठवड्यात अ‍ॅसिटेटची एकच तबकडी कापून घ्यायचा. ती काही डझन वेळा वाजली की झिजायची. झिजेपर्यंत पुढचं गाणं तयार हवं. इतक्या थोड्या वर्षांत हे संगीत इतकं का बदललं, याचं उत्तर मला या झिजणाऱ्या तबकड्यांत दिसतं.

मे १९९२मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारोंचा फुकट रेव्ह झाला आणि सरकार खडबडून जागं झालं. १९९४च्या फौजदारी कायद्यात 'एकामागून एक येणाऱ्या, पुनरावृत्त ठोक्यांचं' संगीत असा उल्लेख करून उघड्यावरचे रेव्ह पांगवण्याचे अधिकार पोलिसांना मिळाले. संगीत माळावरून परवाना असलेल्या क्लबांत आलं. त्याच वर्षी गोल्डी, केमिस्ट्री आणि स्टॉर्म यांनी 'मेटलहेड्झ' हे लेबल सुरू केलं. १९९५मध्ये गोल्डीचा 'टाइमलेस' अल्बम आला, त्यातलं पहिलं गाणं २१ मिनिटांचं. १९९७मध्ये ब्रिस्टलच्या रॉनी साइझ आणि रेप्रेझेंट यांच्या 'न्यू फॉर्म्स'ला मर्क्युरी हा ब्रिटनमधला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला. याच काळात 'जंगल' हा शब्द मागे पडून 'ड्रम अँड बेस' रूढ झाला. काही लेखकांनी त्यातल्या सौम्य शाखेला 'बुद्धिमान' असं विशेषण लावलं, ते मला आजही खटकतं. जणू रॅगा, म्हणजे जमैकन ढंगाच्या, गायकांवर घाम गाळून नाचणारे काळे तरुण निर्बुद्ध होते. ड्रमच्या तुकड्यांमागची बुद्धी तर तिथेच जन्मली होती.

आपल्याशी खरा धागा इथे जुळतो. हॉक्स्टन चौकातल्या 'ब्लू नोट' क्लबमध्ये मेटलहेड्झची रविवारची बैठक भरायची, त्याच क्लबमध्ये टॅल्विन सिंगची 'अनोखा' ही रात्र चालायची. लंडनमध्ये वाढलेल्या या तबलावादकाने तबल्याचे बोल ड्रम अँड बेसच्या लयीत बसवले आणि १९९९चा मर्क्युरी पुरस्कार त्याच्या 'ओके' अल्बमला मिळाला. तबला वरून शिंपडलेला नव्हता, ब्रेकच्या जागी उभा होता. तबला-ताशा येणाऱ्याने हा अल्बम ऐकल्याशिवाय काहीच ठरवू नये.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९९५-९६च्या सुमारास 'नो यू-टर्न'च्या मंडळींनी ब्रेकची गुंतागुंत कमी केली आणि बेस खरखरीत, यंत्रासारखा केला. त्याला टेकस्टेप म्हणतात, त्यातूनच पुढे न्यूरोफंक. हॉस्पिटल रेकॉर्ड्स आणि ब्राझीलच्या डीजे मार्कीसारख्यांनी सुरेल, जॅझकडे झुकणारी लिक्विड शाखा वाढवली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या पेंड्युलमने २००५मध्ये त्यात रॉक मिसळला. २०१२मध्ये डीजे फ्रेशचं 'हॉट राइट नाउ' ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं, तोवर एकाही ड्रम अँड बेस गाण्याला ते जमलं नव्हतं. आज निया आर्काइव्ह्जसारखी तरुण मुलगी पुन्हा जुन्या जंगलकडे वळून गाते आहे. म्हणजे शिकायला बसणाऱ्यापुढे आज एका नावाखाली निदान चार निरनिराळी संगीतं आहेत, आणि हा मोठा फायदा आहे.

कोलमन मात्र २००६मध्ये अटलांटात बेघर, गरीब अवस्थेत वारला. हजारो गाण्यांत वाजलेल्या त्या सात सेकंदांचा एक पैसाही त्याला मिळाला नाही. २०१५मध्ये चाहत्यांनी २४,००० पौंड जमवून बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले, तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. सँपल उचलताना हे लक्षात असू द्या.

हणजूणची कॅसेट

गोव्याचं नाव लागलेलं संगीत आपलंच, असं धरून आपल्याकडची मुलं सायट्रान्सकडे जातात. नातं खरं आहे, पण ते कसलं हे स्पष्ट असावं. साठच्या दशकाच्या शेवटी हणजूण, वागातोर, शापोऱ्याच्या किनाऱ्यांवर परदेशी हिप्पी येऊन राहू लागले. सॅन फ्रान्सिस्कोचा गोवा गिल त्यांतलाच. २०२३मध्ये तो वारला. सुरुवातीला तिथे रॉक आणि रेगे वाजे. ऐंशीच्या दशकात युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत कॅसेटींवरून येऊ लागलं आणि डीजेंनी त्यातलं गाणं कापून टाकलं, नुसते ठोके आणि सिंथेसायझरचे भाग जोडून लांब केले. तबकड्या का नाहीत? किनाऱ्यावरच्या उन्हात आणि दमट हवेत व्हिनाइल वाकतं. म्हणून आधी कॅसेट आणि नंतर डॅट, म्हणजे डिजिटल टेप. डॅटवर गाण्याचा वेग कमीजास्त करून दोन गाणी ठोक्याला ठोका जुळवता येत नाहीत. मग गाण्याला सुरुवातीला आणि शेवटी ठोका नसलेला लांब भाग ठेवायचा, म्हणजे एकातून दुसऱ्यात जाता येतं. आजही सायट्रान्सचं गाणं सात-नऊ मिनिटं चालतं आणि त्याला धुक्यासारखी सुरुवात असते, ती सवय बऱ्याच अंशी हणजूणच्या हवेने लावलेली आहे. मला हे फार विलक्षण वाटतं. लंडनमध्ये तबकडी झिजायची म्हणून संगीत घाईने बदललं, गोव्यात तबकडी वाकायची म्हणून ते लांबलं.

हे संगीत बनलं मात्र गोव्याबाहेर. लंडनमध्ये 'ड्रॅगनफ्लाय' आणि 'टिप' या लेबलांनी, इस्राएलमध्ये 'अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शन'ने, जर्मनीत 'एक्स-ड्रीम'ने ते घडवलं. लष्करातली सक्तीची सेवा संपवून गोव्याला येणाऱ्या इस्राएली तरुणांनी ते घरी नेलं. डिसेंबर १९९४मध्ये पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ १वर 'गोवा मिक्स' वाजवला आणि नाव पक्कं झालं. १९९५मध्ये सायमन पॉसफर्डचा, म्हणजे हॅल्युसिनोजेनचा, 'ट्विस्टेड' आला. शिकणाऱ्यासाठी तो आजही पाठ्यपुस्तक आहे. नव्वदीच्या शेवटाकडे एकावर एक रचलेल्या सुरावटी ओसरल्या, बेस पुढे आला, आणि 'गोवा ट्रान्स'चा सायट्रान्स झाला. पुढे हायफाच्या इन्फेक्टेड मश्रूमने तो मोठ्या मंचांवर नेला. पोर्तुगालमध्ये १९९७पासून भरणारा बूम महोत्सव आज या पंथाची मोठी जत्रा आहे.

त्या रात्रींत गोव्याची माणसंही होती. चटई अंथरून, कंदील लावून पहाटेपर्यंत चहा-भजी विकणाऱ्या बायका, खोल्या भाड्याने देणारे, मोटरसायकलवरून पोचवणारे पायलट. संगीत घडवणाऱ्यांत ती फारशी नव्हती, आणि गावाने आवाजाचा त्रासही सोसला. अल्बमच्या वेष्टनावरचा ॐ आणि मध्येच येणारा संस्कृत मंत्र म्हणजे आपलं संगीत, असं मी मानत नाही. ती सजावट आहे. आपल्या कानाला जवळची गोष्ट दुसरीच: गाणंभर बेस बहुधा एकाच स्वराला धरून राहतो आणि वर सगळे रंग बदलत जातात. तानपुऱ्याखाली वाढलेल्याला ही स्थिरता कंटाळवाणी वाटत नाही. एक आठवण जाता जाता. या संगीताचा लाडका चिवचिवाट करणारा रोलँड टीबी-३०३ हा बेस सिंथेसायझर मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२मध्येच रागांवरच्या अल्बमसाठी वाजवला होता, शिकागोत त्यावरून अ‍ॅसिड हाउस जन्मण्याच्या आधी. तो अल्बम तेव्हा विकला गेला नाही. २०१०मध्ये पुन्हा निघाला तेव्हा जगाने माना वळवल्या.

रॉटरडॅमची किक

गॅबरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याची कहाणी एका आवाजाची आहे. १९९०मध्ये फ्रँकफर्टच्या मार्क अकार्डिपाने याने 'मेस्कॅलिनम युनायटेड' या नावाने 'वी हॅव अराइव्ह्ड' बनवलं, किक फाटेपर्यंत वाढवलेली. रॉटरडॅम या बंदराच्या शहरात ते रुजलं. पार्कझिख्त क्लबमध्ये पॉल एल्स्टाक वाजवायचा, १९९२मध्ये त्याचं 'रॉटरडॅम रेकॉर्ड्स' निघालं. आम्सटरडॅमच्या ऐटीला कामगारांच्या शहराने दिलेलं उत्तर होतं ते. गंमत म्हणजे 'गॅबर' हा शब्द आम्सटरडॅमच्याच बोलीतला, यिडिशमधून आलेला. अर्थ दोस्त, यार. ऑक्टोबर १९९२मध्ये हीरेनवेनच्या बर्फाच्या मैदानावर पहिला थंडरडोम, म्हणजे गॅबरचा मोठा जलसा, झाला. तुळतुळीत डोकी, चमकदार ट्रॅकसूट, आणि हाकन नावाचा पायांचा झपाटा. त्यात काही वंशद्वेषी टोळकी घुसली, तेव्हा निर्मात्यांनी तबकड्यांवर उघड विरोध छापला. १९९५पर्यंत त्याची गोड, बालगीतासारखी आवृत्ती डच यादीत चढली, मग विडंबनं आली आणि लाट ओसरली. त्यातून सावकाश, १४०-१५०चा हार्डस्टाइल निघाला. मूळ धारेची एक शाखा आता २००च्याही पुढे धावते आहे.

मांडी घालून बसल्यावर

आता प्रत्यक्ष कामाचं. तुमच्याकडे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर एबलटन असो वा एफएल स्टुडिओ, पडद्यावर एका आवर्तनाच्या १६ घरांची पट्टी दिसते. त्या पट्टीवरूनच तिघांतला फरक सांगतो.

ड्रम अँड बेसचा साधा ठेका: किक १ आणि ११ या घरांत, स्नेअर ५ आणि १३ मध्ये. वेग १७४ ठेवा. दहा मिनिटांत गाडी चालू लागते. इतक्या लवकर फळ देणारं दुसरं काही या तिघांत नाही. खरं काम नंतर सुरू होतं. मधल्या रिकाम्या घरांत हलके, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके पेरायचे. ज्याने ताशावर तर्री आणि मोकळा हात यांतला फरक हातांनी अनुभवलाय, त्याचे ठोके पहिल्या महिन्यातच जिवंत वाजतात. १७४ला एक घर म्हणजे ८६ मिलिसेकंद. त्यात पाच-दहा मिलिसेकंद मागेपुढे सरकवणं हेच कौशल्य. अडचण बेसची आहे. सब-बेस, म्हणजे सर्वांत खालचा खर्ज, बहुधा ४४ ते ५५ हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि तो लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. चांगला हेडफोन घ्यावाच लागेल. वन बीएचकेमध्ये मोठा स्पीकर घेऊन उपयोग नाही. खोली लहान असली की खर्ज भिंतींवर आपटून खोटा वाजतो, शिवाय शेजारी आहेतच.

सायट्रान्समध्ये किक १, ५, ९, १३ या घरांत, आणि उरलेल्या प्रत्येक घरात बेसचा एक छोटा स्वर. किक आणि मागोमाग तीन बेस, घोड्याच्या टापांसारखे. कागदावर इतकंच. १४५ला एक घर १०३ मिलिसेकंदांचं. तेवढ्यात किकचं शेपूट आटोपलं पाहिजे, नाहीतर ते पहिल्या बेसवर चढतं आणि सगळा चिखल होतो. मी यात तीन महिने घातले. माझा प्रत्येक बेस-स्वर निराळा वाजायचा, कधी टोकदार, कधी बोथट. सिंथेसायझरमधल्या ऑसिलेटरचा फेज, म्हणजे त्याच्या लहरीची सुरुवातीची जागा, दर स्वराला मुळापासून सुरू करायचा असतो हे कळेपर्यंतच एक महिना गेला. इथे हातापेक्षा कान आणि चिकाटी लागते. आठ मिनिटांच्या गाण्यात १४५ने २९० आवर्तनं होतात, आणि ठेका तर बदलत नाही. मग ती सगळी आवर्तनं फिल्टर, आवाजाचा पोत आणि जागा यांनी जिवंत ठेवायची. सिंथेसायझर आतून समजून घ्यायचा असेल तर यासारखी शाळा नाही. पण पहिलं ऐकवण्याजोगं गाणं हाती यायला वर्षभर लागू शकतं, हे मानून बसा.

गॅबरमध्ये एक आठवडा एकच किक घडवत बसायचं. रोलँड टीआर-९०९ या ड्रम मशीनची किक घ्यायची, तिला ओव्हरड्राइव्ह द्यायचा, म्हणजे आवाज फाटेपर्यंत वाढवायचा, नको ते कापायचं, पुन्हा फाडायचं, मग सुरात लावायचं. शेवटी तीच किक बेस होते आणि तीच चाल वाजवते. हे शिक्षण दोन्ही इतर प्रकारांत कामी येतं, म्हणून प्रत्येकाने दोन-तीन आठवडे ते जरूर करावं. वर्षानुवर्षं त्यातच राहायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या शरीरावर आहे. एक काळजी घ्या: फाटलेल्या आवाजाने कान लवकर थकतात आणि थकलेला कान आवाज वाढवायला सांगतो. ताशावाल्यांचे कान आधीच बरंच सोसतात. तासाला दहा मिनिटं हेडफोन उतरवा.

वाजवणार कुठे

नुसतं बनवून भागत नाही, ऐकवायला माणसं लागतात. इथे सायट्रान्स सरळ पुढे आहे. गोव्यात हिवाळ्याचा हंगाम, हिमाचलात पार्वती खोरं. या पंथाला भारतात मुक्काम आहेत आणि नवख्यालाही सकाळच्या वेळेत वाजवायला मिळू शकतं. केंद्राच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. गणपतीत त्या नियमाची आपल्याला चांगलीच ओळख आहे. गोव्यातला रात्रभराचा किनारा त्यामुळे बराचसा भिंतींआड आणि दिवसाउजेडी गेला. ब्रिटनमध्ये १९९४च्या कायद्याने जे झालं, त्याचंच हे जवळचं भावंड.

ड्रम अँड बेसला आपल्याकडे गर्दी लहान आहे, पण दर्दी आहे. मुंबई-पुण्याच्या एखाद्या रात्री ऐकणारे नाचता नाचता ड्रमचा तुकडा ओळखतात. आणि जगभरातली मंडळी एकमेकांची गाणी मनापासून वाजवतात, त्यामुळे घरबसल्या बनवलेलं काम बाहेर जाऊ शकतं. डीजे म्हणून वाजवायलाही ते चपळ: बहुतेक गाणी १७४च्या आसपास, साडेचार मिनिटांत जेमतेम दोनशे आवर्तनं, आणि दोन गाण्यांचे कळसाचे क्षण एकावर एक आदळवण्याची मजा. सायट्रान्समध्ये मिसळण सावकाश, स्वर जुळवून. गॅबरला इथे श्रोता मिळवणं आज कठीण आहे. त्याचं घर नेदरलँड्समध्येच आहे.

मग कोणी काय घ्यावं

तबला, ताशा, ढोलकी, मृदंग यांपैकी काहीही हातात असेल तर ड्रम अँड बेस, आणि तेही जुन्या जंगलच्या बाजूने, १६० ते १६५ने सुरुवात करून. तुमच्याजवळ जे आहे तेच तिथे मोलाचं आहे. वाद्य काहीच येत नसेल, पण एकेक आवाज तासन् तास ऐकत बसायला आवडत असेल, तर सायट्रान्स. पेटी किंवा की-बोर्ड येणाऱ्याला लिक्विड ड्रम अँड बेस जवळचं वाटेल. सायट्रान्सकडेच ओढा असेल तर १९९५च्या आसपासचा गोवा ट्रान्स धरा, कारण त्यात सुरावटींना जागा आहे, आजच्या सायट्रान्समध्ये ती फार थोडी उरली आहे. मित्रांसोबत पार्ट्यांत लगेच वाजवायला मिळावं एवढीच घाई असेल, तरीही सायट्रान्सच. गॅबर पहिला म्हणून निवडू नका. ते ऐकताना पाय आपोआप हलत असतील तर गोष्ट वेगळी. मग कोणाच्या सल्ल्याने थांबू नका.

आमच्या मुलाला मी जंगल सांगितलं. कोलमनचा तुकडा घेऊ नकोस, म्हटलं. गणपतीनंतर ढोल उतरवले की पथकाच्या खोलीत फोन मध्ये ठेवायचा, एकट्याने ताशावर चार आवर्तनं वाजवायची, आणि चौथ्यात सम सोडून द्यायची. रेकॉर्डिंग साधारण १३०ने, कारण वेग वाढवल्यावर सूर चढणार आहे. ताशाचा मुळातच उंच, म्हणून कातडं नेहमीपेक्षा सैल ठेवायचं. मग तो तुकडा १६५वर न्यायचा, कापायचा, आणि खाली ढोलाचा एकच टोल लांबवून बेस म्हणून लावायचा. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये चौथ्या आवर्तनात त्याचा हात सवयीने समेवर पडला. दुसऱ्यातही. सहाव्यात पडला नाही, आणि खोलीतल्या आम्ही तिघांनी तो ठोका मनात ऐकला.